प्रमाणपत्रांची रोजकीर्द

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, शहागंज हा भाग व्यापाराचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. घड्याळाचा मनोरा, जवळची मोठी मशीद आणि त्यांच्या अवतीभवती पसरलेली बाजारपेठ यांचे चित्र त्या शहराशी परिचय असणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतेच. अशा पेठेतील जुन्या वळणाच्या व्यापाऱ्यास दुकानातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले, तर तो तिजोरीकडे बोट दाखवीलच असे नाही. बहुधा रोजकीर्दीकडे दाखवील. गेलेला माल पुन्हा आणता येतो; परंतु रोजकीर्द गेली की कोणाकडून काय येणे आहे आणि कोणास काय देणे आहे, हेच कळेनासे होते.

या रोजकीर्दीचे नियम साधे पण कडक असतात. व्यवहार ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने आणि त्याच दिवशी लिहावयाचा. दोन नोंदींमध्ये कोरी जागा ठेवावयाची नाही. लिहिलेले खोडावयाचे नाही. चूक झालीच तर ती तशीच राहू देऊन, ज्या दिवशी ध्यानात आली त्या दिवशी उलट नोंद करावयाची. खतावणीविषयी तंटा उत्पन्न झाला म्हणजे कीर्द उघडतात, आणि कीर्द सांगेल ते प्रमाण मानतात. हे नियम आज एका अगदी नव्या धंद्यास पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत आहेत. तो धंदा म्हणजे संगणकीय प्रमाणपत्रे देण्याचा.

शहागंजातील एखाद्या पेढीची मर्यादित कंपनी झाली, की वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरताना तिच्या संचालकास शाईची सही करून भागत नाही. त्यास डिजिटल स्वाक्षरी करावी लागते. सरकारी निविदा भरावयाची झाली तरी तेच. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या हाती जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पडतो, त्यावरही अशीच स्वाक्षरी असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा कायदा त्या वर्षाच्या 17 ऑक्टोबरपासून अंमलात आला, आणि विहित रीतीने केलेल्या अशा स्वाक्षरीस कायद्याची मान्यता मिळाली.

या स्वाक्षरीचे मर्म दोन जोडकिल्ल्यांत आहे. एक किल्ली धन्याने गुप्त ठेवावयाची व तिने स्वाक्षरी करावयाची. दुसरी जगजाहीर करावयाची, म्हणजे कोणासही तिने स्वाक्षरी पडताळून पाहता येते. परंतु जाहीर किल्ली अमक्याचीच आहे, हे कोणी सांगावयाचे? येथे प्रमाणन संस्थेचा संबंध येतो. ती अर्जदाराची ओळख तपासते आणि ‘ही किल्ली या व्यक्तीची’ असे प्रमाणपत्र स्वतःच्या स्वाक्षरीने देते. हिंदुस्थानात अशा संस्थांस परवाना देणारा एक नियंत्रक कायद्याने नेमलेला आहे, आणि पुण्याची सी-डॅक ही परवानाधारक संस्थांपैकी एक आहे. बँकेचे संकेतस्थळ उघडताना ते खरोखर त्याच बँकेचे आहे, ही खात्रीही याच जातीच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. मात्र ती देणाऱ्या संस्था जगभर पसरलेल्या आहेत.

आता खोटे प्रमाणपत्र निघाले तर काय होईल याचा विचार करावा. मुद्रांकाचा कागद बनावट निघाल्यास सरकारचा महसूल बुडतो आणि दस्तऐवज संशयास्पद ठरतो; तेलगी प्रकरणामुळे महाराष्ट्रास याचा कटू अनुभव आलेला आहे. परंतु बनावट कागदाचा रंग, त्याची छपाई, त्याचा पोत यांवरून जाणकार तो ओळखू शकतो. प्रमाणन संस्थेच्या किल्लीने निघालेले खोटे प्रमाणपत्र मात्र अक्षरशः खऱ्यासारखेच असते, कारण स्वाक्षरी खरी असते. अशा वेळी ते ओळखण्याचे साधन एकच उरते. कोणते प्रमाणपत्र, केव्हा, कोणाच्या अर्जावरून आणि कोणत्या तपासणीनंतर दिले, याची संस्थेपाशी असलेली नोंद, हेच ते साधन होय.

हॉलंडमधील डिजिनोटार या संस्थेची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. 2011 सालच्या उन्हाळ्यात कोणा अज्ञात इसमाने तिच्या यंत्रांत शिरकाव केला आणि 10 जुलै रोजी गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र काढले. पुढे चौकशीत अशी एकूण 531 खोटी प्रमाणपत्रे आढळली. परंतु चौकशी करणाऱ्यांची खरी अडचण निराळीच होती. जी यंत्रे चोराच्या ताब्यात गेली, त्याच यंत्रांवर नोंदीही ठेवलेल्या होत्या, आणि त्यांत ढवळाढवळ झालेली होती. काही अनुक्रमांक असे सापडले की त्यांचे प्रमाणपत्रच मिळेना. तेव्हा 531 हा आकडा पुरा आहे असे छातीठोकपणे कोण सांगणार? त्यातल्या त्यात एक वही कामास आली. प्रमाणपत्र अद्याप वैध आहे काय, असे वाचकांची यंत्रे संस्थेस विचारीत असत, व त्या पृच्छांची नोंद राहिली होती. तिच्यावरून दिसून आले की, सुमारे तीन लाख निरनिराळ्या पत्त्यांवरून ते खोटे प्रमाणपत्र पाहिले गेले आणि त्यांतील शेकडा 99 हून अधिक पत्ते इराणातील होते. तेथील लोकांचा खासगी पत्रव्यवहार परक्यांच्या दृष्टीस पडण्याचा धोका त्या उन्हाळ्यात किती मोठा होता, हे या एका वहीने जगास सांगितले. 20 सप्टेंबर 2011 रोजी डिजिनोटारचे दिवाळे जाहीर झाले.

हे परदेशात घडले म्हणून निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. 2 जुलै 2014 रोजी गूगलच्या ध्यानात आले की, तिच्या नावाची काही अनधिकृत प्रमाणपत्रे हिंदुस्थानातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एन.आय.सी.च्या, प्रमाणन शाखेतून निघालेली आहेत. दुसऱ्याच दिवशी भारतीय नियंत्रकाने त्या शाखेची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे तपासाअंती असे कळविण्यात आले की, शाखेच्या प्रमाणपत्रे देण्याच्या व्यवस्थेतच शिरकाव झाला होता, आणि खोटी प्रमाणपत्रे चार होती. परंतु या चारांखेरीज आणखीही खोटी प्रमाणपत्रे गूगलला माहीत होती. दोन्ही हिशेब जुळेनात. तेव्हा हानीची मर्यादा अज्ञात आहे, असाच निष्कर्ष तिने काढला. परिणामी क्रोम या न्याहाळकाने भारतीय नियंत्रकाच्या मुळाखालील प्रमाणपत्रांवरचा विश्वास मोजक्या नावांपुरता, मुख्यतः सरकारी व शैक्षणिक संकेतस्थळांपुरता, मर्यादित केला. अपराध एका शाखेत घडला. परंतु पत कमी झाली ती सबंध देशाच्या मुळाची. शिल्लक जुळत नाही अशा पेढीशी व्यवहार करताना बाजारही असाच हात आखडता घेतो.

याच्या उलट एक उदाहरण पाहावे. लेट्स एन्क्रिप्ट ही अमेरिकेतील संस्था संकेतस्थळांस विनामूल्य प्रमाणपत्रे देते, आणि तिची बोल्डर नावाची आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली आहे. एखाद्या नावासाठी प्रमाणपत्र देण्यास आपणांस मज्जाव तर नाही ना, हे प्रत्येक संस्थेने आधी पाहावयाचे असते. एका अर्जात दहा नावे असली आणि त्यांची ही तपासणी पुन्हा करावयाची झाली, तर दहाही नावे एकेकदा तपासण्याऐवजी ही आज्ञावली एकच नाव दहा वेळा तपाशी. 29 फेब्रुवारी 2020 रोजी हा दोष निश्चित झाला. दोन मिनिटांत प्रमाणपत्रे देणे थांबविण्यात आले, आणि सुमारे दोन तासांत दुरुस्ती होऊन काम पुन्हा सुरू झाले. नंतर संस्थेने बाधित प्रमाणपत्रांची संख्या प्रसिद्ध केली. ती 30,48,289 होती, आणि त्यांच्या अनुक्रमांकांची यादीही तिने जाहीर केली. चूक लहान नव्हती. परंतु चुकीची सीमा रेखून दाखविता आली, आणि म्हणूनच संस्थेची पत टिकली. मागील तपासण्यांचा माग राखलेला नसता, तर इतका नेमका आकडा काढणे कोणासही साधले नसते.

अशी रोजकीर्द आज्ञावलीत निर्माण कशी करावयाची, हा पुढचा प्रश्न. कोणतीही जुनी आज्ञावली अनेक हातांनी लिहिलेली असते. एकाने ‘अर्ज नाकारला’ असे लिहून ठेवले, दुसऱ्याने केवळ ‘चूक’ एवढेच लिहिले, तिसऱ्याने एकच अपयश चार ठिकाणी चार वेळा नोंदविले, आणि चौथ्याने काहीच नोंदविले नाही. एकाने घटनेची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे दिली, दुसऱ्याने जागतिक वेळेप्रमाणे. मग साडेपाच तासांच्या फरकाने कारण मागे आणि कार्य पुढे असा क्रमच उलटून जातो. ज्या काळी मनगटी घड्याळे थोड्यांपाशीच असत, त्या काळी शहागंजासारख्या पेठेत मनोऱ्यावरील घड्याळाचे मोल काय असेल, हे यावरून कळून येईल.

अशा आज्ञावलीची फेरमांडणी करताना पहिले काम म्हणजे नोंद लिहिण्याचे दार एकच ठेवणे. आज्ञावलीच्या कोणत्याही भागास काही नोंदवावयाचे असो, ते त्याच दारातून आणि ठरलेल्या रकान्यांत गेले पाहिजे. वेळ, अर्जाचा क्रमांक, कृती, कर्ता, फल आणि प्रमाणपत्राचा अनुक्रमांक हे ते रकाने होत. अर्जाचा क्रमांक आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहिला, म्हणजे हजारो ओळींतून एका अर्जाची कहाणी सलग वाचता येते.

दुसरे काम दोन वह्या निराळ्या करण्याचे. कारागिरास यंत्राचा दोष शोधण्यासाठी लागणारी टिपणे एका वहीत असावीत. ती काही दिवसांनी टाकून दिली तरी चालते. हिशेबतपासनिसापुढे ठेवावयाची नोंद दुसऱ्या वहीत असावी आणि ती कायद्याने व नियमाने ठरलेल्या मुदतीपर्यंत जपावी. हिंदुस्थानातील प्रमाणन संस्थांच्या कारभाराची तपासणी दरवर्षी व्हावी असा नियम आहे. तपासनिसास टिपणांच्या ढिगाऱ्यात सोडून देणे म्हणजे त्याचे डोळे बांधण्यासारखेच आहे. बोल्डरमध्ये तपासणीसाठीच्या ओळींवर स्वतंत्र खूण असते, इतकेच नव्हे तर प्रत्येक ओळीस एक पडताळ्याचा अंक जोडलेला असतो, म्हणजे ओळ वाटेत बिघडली तर कळून येते. बुद्धिपुरस्सर केलेली खाडाखोड पकडावयाची असेल, तर प्रत्येक नोंदीत मागील नोंदीचे सार गुंफावे लागते, आणि वहीची प्रत दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्याच माणसाच्या ताब्यात ठेवावी लागते. डिजिनोटारच्या नाशाने हाच धडा दिला.

तिसरे काम काय लिहावयाचे नाही हे ठरविण्याचे. गुप्त किल्ली, परवलीचा शब्द, अर्जदाराचा आधार क्रमांक यांना नोंदीत स्थान नाही. उत्साहाच्या भरात सर्वच लिहून ठेवणारी वही पुढे चोरास घराचा नकाशाच होऊन बसते.

चौथा नियम क्रमाचा. स्वाक्षरी करण्याचा हेतू आधी नोंदवावा, मग स्वाक्षरी करावी, आणि फल पुन्हा नोंदवावे. नोंदच करता येत नसेल तर प्रमाणपत्र देऊ नये. कीर्दीत लिहिल्यावाचून तिजोरी उघडावयाची नाही, असा हा दंडक आहे.

या कामात एक धोका असा की, ते निरुपद्रवी वाटते. आज्ञावलीचे वर्तन बदलत नाही, केवळ शब्द नीटनेटके होतात, अशी समजूत असते. परंतु जुन्या ओबडधोबड शब्दांवर कोणी तरी पहारा बसविलेला असतो. ‘अर्ज नाकारला’ ही अक्षरे दिसताच घंटा वाजावी अशी योजना असेल, आणि नव्या मांडणीत तेथे ‘अर्ज फेटाळला’ असे आले, तर घंटा मुकी होते आणि ती मुकी झाल्याचे कोणास कळतही नाही. म्हणून जुनी व नवी वही काही काळ शेजारी शेजारी चालवून दोहोंचा मेळ घालावा, प्रत्येक घंटा मुद्दाम वाजवून पाहावी आणि मगच जुनी बंद करावी.

या विचाराची पुढची पायरी जगाने आता गाठली आहे. 2013 साली अशा उघड नोंदवह्यांची रीत प्रसिद्ध झाली की, ज्यांत संकेतस्थळांची प्रमाणपत्रे कोणाही नागरिकास पाहता येतात, ज्यांत भर घालता येते पण काढून टाकता येत नाही, आणि तसा प्रयत्न झाल्यास गणिताने उघडकीस येतो. 30 एप्रिल 2018 नंतर दिलेले प्रमाणपत्र अशा वहीत नसेल, तर क्रोम ते मान्य करीत नाही. संस्थेची खासगी कीर्द संस्थेच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. उघड वहीस सर्व जगाचे डोळे लाभतात. मात्र अर्जदाराची ओळख कशी तपासली, हे उघड वही सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी संस्थेच्या स्वतःच्या नोंदीवरच राहते.

ज्या गृहस्थाने आपली कंपनी, आपली जमीन आणि आपली ठेव या अदृश्य स्वाक्षऱ्यांच्या हवाली केली आहे, त्यास या यंत्रांचे अंतरंग कळण्याचे कारण नाही. परंतु त्याने दोन गोष्टी अवश्य कराव्यात. आपल्या स्वाक्षरीची किल्ली सोयीसाठी हिशेबनिसाच्या खणात टाकून ठेवू नये. कारण मग संस्थेची वही कितीही शुद्ध असली, तरी तिच्यात नाव त्याचेच लागणार. आणि ज्या संस्थेकडून तो प्रमाणपत्र घेतो, तिला एक प्रश्न विचारण्याचा संकोच करू नये: ‘माझ्या नावाने आजवर किती प्रमाणपत्रे दिली, केव्हा दिली आणि कोणाच्या अर्जावरून दिली?’ चांगल्या पेढीस याचे उत्तर वही उघडून तात्काळ देता आले पाहिजे.