दगड मुलांच्या हातात द्या



या व्यासपीठावर आजवर विद्वान मंडळी बोलत आली. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील एका मोडक्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा 'शाळेत दगड कसे शिकवावेत' हा विषय आम्ही कळवला, त्याचे चिटणीसांना नवल वाटले. पण खाणी आणि खडीक्रशर यांवरच्या कामगारांत पंचवीस वर्षे हिंडणाऱ्याला दगडाविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क असावा, असे आम्हांस वाटते.

आज शाळेत काय होते? अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार फळ्यावर लिहिले जातात, मुले ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. 'बेसॉल्ट हा अग्निज खडक आहे' असे लिहून पूर्ण गुण मिळवणारा मुलगा शाळेच्या ज्या काळ्या पायरीवर बसून डबा खातो, ती पायरीच बेसॉल्टची आहे हे त्याला कोणी सांगत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आजही त्यांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. आपले सह्याद्रीचे कडे, वेरूळचे कैलास लेणे आणि घरातला पाटा-वरवंटा, सगळे त्यातलेच. एवढी मोठी गोष्ट पायाखाली असता ती पाठ करायला लावायची, याला काय म्हणावे?

आमचे म्हणणे साधे आहे. पहिल्या दिवशी नावे सांगूच नका. चाळीस-पन्नास दगड सतरंजीवर ओता आणि मुलांना म्हणा, लावा यांची वर्गवारी. कोणी रंगावरून लावील, कोणी वजनावरून, कोणी छिद्रांवरून. खाणवस्तीजवळच्या एका शाळेत आम्ही पाहिले, की मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक वडाराचा पोर प्रत्येक दगडावर दुसरा दगड हलकेच वाजवून दोन ढीग करीत होता. मास्तरांनी विचारले तेव्हा म्हणाला, "हा खणखणतो, हा बद्द वाजतो. बद्द वाजतो त्याच्यात आत चीर असते." बापाने त्याला हे शिकवले होते. त्या दिवशी वर्ग त्याच्यापाशी शिकला.

मग कठीणपणा. फ्रीड्रिक मोस याने 1812 साली दहा खनिजांची उतरंड लावली; खाली संगजिरे, वर हिरा. त्यासाठी परदेशी पेटी विकत घ्यायला नको. नख, तांब्याची तार, खिळा आणि काचेचा तुकडा एवढ्यावर भागते. संगजिऱ्यावर नखाने ओरखडा उठतो. कॅल्साइटवर नख चालत नाही, खिळा चालतो. आणि गारगोटी उलट काचेलाच ओरखडते. धार लावायच्या कुरुंदाला नववी पायरी आहे, हे ऐकून लोहाराच्या मुलाचा चेहरा कसा खुलतो ते पाहावे. फरशीची खरबरीत पाठ घेऊन तिच्यावर रेडीकडचे काळपट लोहखनिज घासले तर रेघ लाल उमटते. वरचा रंग फसवतो, रेघ फसवत नाही. शहाबादी फरशी खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात, काळ्या पाषाणावर येत नाहीत. फरशी चुनखडीची आहे हे मग सांगावे लागत नाही.

किराणा दुकानातला तराजूही शाळेत आणावा. दगड हवेत भरला 600 ग्रॅम, दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवला तर 400. घटले 200, सहाशेला दोनशेने भागले, तीन आले. म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तिप्पट जड. गणिताचा तास निराळा घ्यायला नको! तुरटीचे गरम दाट पाणी एका वाटीत हळू निवू द्यावे, दुसऱ्या वाटीत झटकन गार करावे. पहिल्यात स्फटिक मोठे, दुसऱ्यात बारीक. जमिनीखाली सावकाश थिजलेला ग्रॅनाइट भरड का आणि वर येऊन लवकर थिजलेला बेसॉल्ट बारीक कणांचा का, याचे उत्तर या दोन वाट्यांत आहे. (बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून ओट्यासाठी खपतो तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच, पण व्यापाऱ्यांचे भांडण आज नको.)

आमच्या खाणींत सुरुंगानंतर कधी कधी पोकळ्या उघडतात आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक चमकतात. ती झिओलाइट आणि त्यांच्या सोबतची खनिजे. वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट तर जगभरचे संग्राहक शोधतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी रत्ने काचेआड मांडली आहेत. ज्याने घण घातला त्याच्या मुलीला त्या दगडाचे नाव ठाऊक नाही, ही आमची तक्रार आहे, आणि ती मजुरीच्या तक्रारीहून लहान नाही.

आता धुळीचे. मुलांना दगड फोडायला द्यावा, पण ओल्या गोणपाटात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावून. गारगोटी, वालुकाश्म, पाटीचा दगड यांच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात शिरली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. मध्य प्रदेशात मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कितीतरी कामगार त्याने गेले. काळ्या पाषाणात मोकळी सिलिका थोडी, म्हणून त्याची धूळ खावी असे मात्र नाही. 1948च्या कारखाना कायद्याने सरकारला कळवण्याच्या रोगांत हा रोग घातला होता. पण खाणीवरच्या मजुराला पुष्कळदा क्षयाच्याच गोळ्या मिळत आल्या.

तेव्हा एक प्रयोग अवश्य करावा. खोली अंधारी करून कवडशात एक दगड कोरडा घासावा, मग तोच पाणी टाकून. फरक सगळ्यांना दिसतो. मुलांना हेही सांगावे, की दिसते ती धूळ बरीचशी नाकात अडते. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती दिसतही नाही. हा प्रयोग झाल्यावर एका मुलीने घरी विचारले, "बाबा, तुमच्या क्रशरवर पाणी का मारत नाहीत?" ठेकेदाराने मास्तरांकडे निरोप धाडला, शाळेत राजकारण नको. मास्तरांनी निरोप्याला कवडशापाशी उभे करून प्रयोग पुन्हा दाखवला. पाण्याची नळी पुढे सहा महिन्यांनी आली, तीही दोन दिवस काम बंद ठेवल्यावर.

सभागृहाच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवली आहे. फुटके जाते, फरशीचा तुकडा, कोकणातल्या घरचा जांभा, नदीतली गारगोटी, जे असेल ते उद्यापासून तीत टाका. मात्र सोबत चिठ्ठीवर गावाचे नाव लिहा. गाव ठाऊक नसलेला दगड शिकवायला निम्माच उपयोगी पडतो. पेटी भरली की ती खाणवस्तीच्या शाळेत जाईल.