पीठ पुन्हा गहू होत नाही

श्रोतेहो, भौतिक आणि रासायनिक बदल तुम्ही शाळेत शिकला आहात, त्यामुळे व्याख्या सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते मुलांकडून घोकून घेतल्या जाणाऱ्या एका वाक्याबद्दल : ‘उलट फिरतो तो भौतिक, फिरत नाही तो रासायनिक.’ हे वाक्य मुलांना चुकीच्या वाटेला लावतं, आणि घोकून घेणारे आपणच मोठे असतो.

गिरणीतून दळून आणलेलं पीठ पुन्हा गहू होतं का? कधीच नाही. तरी दळण हा भौतिक बदल. दाणा फुटला, आतला स्टार्च तोच. आता ढोकळा घ्या. पिठात सोडा नीट कालवला गेला नाही की लाल ठिपके उमटतात. हळदीतलं कर्क्युमिन सोड्यानं लाल होतं. हा रासायनिक बदल. त्या ठिपक्यावर लिंबू पिळा, पिवळा रंग परत! आता कुठे गेलं ते वाक्य?

विचारायचं एवढंच : नवा पदार्थ तयार झाला का? डब्यात मण्यांच्या माळा आहेत असं समजा : मणी म्हणजे अणू, माळ म्हणजे रेणू. डबा हलवला, माळा विस्कटल्या, दुसऱ्या डब्यात ओतल्या, तरी माळा त्याच. पाण्याची वाफ होते तेव्हा माळा फक्त लांब लांब जातात. दोरा तुटून मणी निराळे ओवले गेले की माळ नवी. मणी मात्र तेच, एकही हरवत नाही. विरजणातले जीवाणू रात्रभर हेच करतात : दुधातल्या साखरेची माळ तोडतात, लॅक्टिक आम्लाची ओवतात.

लोणी कढवताना तर दोन्ही एकाच पातेल्यात. लोणी वितळलं, माळा त्याच. तडतड सुरू झाली, म्हणजे पाणी उडतंय. माळा अजून त्याच. पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या फारसं वर चढत नाही. तडतड मंदावली की ते चढतं, तळाची बेरी बदामी होते, घरभर वास सुटतो. प्रथिनं आणि साखरेच्या या अभिक्रियेचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली केलं. मग ‘तूप कढवणे : भौतिक की रासायनिक?’ असं विचारून एकच चौकट ठेवायची, हा मुलांवर अन्याय नाही का? पुन्हा सांगते, उलट फिरतं का हे विचारू नका; नवं काय झालं ते विचारा.

राहिलं मीठ. मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा काय होतं? तिथे मुळात माळाच नसतात, सुटे भारित मणी एकमेकांना धरून असतात, आणि पाणी त्यांना... वेळ संपल्याची खूण झाली आहे. ढोकळ्याचं पीठ भिजवाल तेव्हा मुलांना ओट्याशी बोलवा आणि लिंबाची फोड त्यांच्याच हातात द्या.