तीन सोन्याचीं घड्याळें

सराफाच्या पेढीवर सोन्याची किंमत ठरण्यास फारसा वेळ लागत नाहीं. कसोटीवर रेघ उमटते, तराजूचा कांटा स्थिर होतो आणि त्या दिवसाच्या भावानें आंकडा निघतो. हिऱ्याचेंहि तसेंच, त्याचें पाणी, पैलू आणि वजन पाहिलें कीं जाणत्याचें काम संपतें. परंतु लिलावाच्या दालनांत सोन्याचें घड्याळ पुकाऱ्यास निघालें म्हणजे ही सरळ रीत पुष्कळदां कोलमडून पडते.

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत डिव्हायझेस नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील हेन्री ऑल्ड्रिज अँड सन या लिलावगृहानें २०२४ व २०२५ या दोन वर्षांत सोन्याचीं तीन खिशांतलीं घड्याळें विकलीं. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालेल्या टायटॅनिक जहाजाशीं त्या तिहींचा संबंध होता.

पहिलें घड्याळ जॉन जेकब ॲस्टर यांचें. जहाजावरील सर्वांत श्रीमंत उतारू हेच. त्यांची तरुण पत्नी गरोदर होती. तिच्या सोबतीस होडींत बसतां येईल काय, असें त्यांनीं अधिकाऱ्यास विचारलें. स्त्रिया व मुलें यांनाच जागा, असें उत्तर मिळतांच ते मागें सरले. पुढें त्यांच्या देहासमवेत हें चौदा कॅरटचें घड्याळ सांपडलें. त्यांचे पुत्र व्हिन्सेंट यांनीं तें दुरुस्त करून स्वतः वापरलें. लिलावापूर्वीं अंदाज होता फार तर दीड लक्ष पौंडांचा. एप्रिल २०२४ मध्यें, गृहाच्या दस्तुरीसह, तें ११ लक्ष ७५ हजार पौंडांस गेलें.

दुसरें घड्याळ जहाजावर नव्हतेंच. कार्पेथिया ही आगबोट सुमारें ५८ मैल दूर असतांना तिला संकटाचा बिनतारी संदेश मिळाला. कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनीं तत्काळ बोट वळविली, उतारूंच्या खोल्यांना ऊब देणारी वाफ यंत्रांकडे सोडली, जादा टेहळे उभे केले आणि हिमनगांमधून वाट काढीत पहाटे चारच्या सुमारास ते तेथें पोंचले. सातशेंहून अधिक माणसें वांचलीं. ॲस्टर यांच्या विधवेनें, पति गमावलेल्या आणखी दोघींसह, त्यांस टिफनीचें अठरा कॅरटचें घड्याळ दिलें. आंत कृतज्ञतेचा लेख कोरला. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याचे १५ लक्ष ६० हजार पौंड आले.

तिसरें घड्याळ न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाचे भागीदार इसिडोर स्ट्रॉस यांचें. पत्नी आयडा यांनीं १८८८ सालीं त्यांच्या वाढदिवसानिमित्त दिलेलें. वृद्ध म्हणून त्यांस होडींत जागा देऊं केली. इतर पुरुषांच्या आधीं जाण्यास त्यांनीं नकार दिला. आयडाबाईंनीं पतीस सोडून जाण्याचें नाकारलें. पतीचा देह मिळाला, तिचा कधींच मिळाला नाहीं. घड्याळाचे कांटे दोन वाजून वीस मिनिटांवर, जहाज बुडाल्याच्या वेळेवर, थांबले होते. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्यास १७ लक्ष ८० हजार पौंड मिळाले.

या तिहींत सोनें असून असून किती? कांहीं तोळे. शिवाय सर्वांत धनाढ्य गृहस्थाच्या घड्याळास तिहींत कमी किंमत आली आणि पत्नीनें दिलेल्या भेटीस सर्वांत अधिक.

दुसऱ्याच्या दुःखाचा हा बाजार कशास, असें कोणी म्हणेल, आणि तो आक्षेप निराधार नाहीं. बोली चढत असतांना त्या रात्रीची थंडी कोणास लागत नाहीं. तथापि, या वस्तूंचें मोल टिकलें तें घराण्यांनीं व नंतरच्या मालकांनीं त्यांची हकीकत जपली म्हणून. कोणीं, कोणास, केव्हां दिलें आणि तें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, या साखळीची एक कडी निखळली तर लिलावगृहासहि तें घड्याळ सामान्यच ठरतें.

आपल्याकडेहि अनेक घरांतून आजोबांचें एखादें साखळीचें घड्याळ पेटींत पडलेलें असतें. त्याची मोड फार येणार नाहीं. परंतु त्याची हकीकत जाणणारें वडील माणूस घरांत आहे, तोंवरच ती विचारून एका कागदावर लिहून ठेवावी आणि तो कागद त्याच पेटींत घालावा.