दोन पिवळ्या रेषा

परिषदेच्या माननीय अध्यक्षा, मुंबई-पुण्याहून घाट चढून आलेल्या प्राध्यापक भगिनी, आणि मोखाडा, खोडाळा, विक्रमगडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या माझ्या मुलींनो,

इथे जव्हारमध्ये भात झोडून झालं आहे, नागली घरात आली आहे. दुपारच्या पानात तिचीच भाकरी आहे. पण याच दिवसांत आमचे किती तरी पाडे ओस पडतात. माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्यामागे शाळकरी मुलीही जातात. इथे बसलेल्यांपैकी काही जणी आजीजवळ किंवा आश्रमशाळेत मागे राहून बी.एस्सी.पर्यंत पोचल्या आहेत. पाहुण्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं, ही विनंती.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. एक विद्यार्थिनी सारखी आठवते. स्पेक्ट्रोमीटर जुना, त्याचा एक स्क्रू ढिला. ही मुलगी अंधाऱ्या खोलीत दोन तास बसून, श्वास रोखून दुर्बीण केसाकेसाने सरकवत होती. शेवटी सोडियमची पिवळी रेषा फुटून दोन झाली, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरची. "बाई, दोन हायत!" ती ओरडली. पुढे ती एके ठिकाणी मुलाखतीला गेली. प्रयोगशाळेत काय केलंत, असं विचारल्यावर म्हणाली, "प्रॅक्टिकल केले." आणि गप्प बसली. अर्जातही त्या दोन रेषांबद्दल अक्षर नव्हतं. निवड झाली नाही. मी तिला प्रकाश शिकवला. आपण काय केलं ते चारचौघांत सांगायला शिकवलं नाही. चूक माझी होती, आणि ती मला अजून बोचते.

अर्ज लिहिणं, शिफारसपत्र मागणं, दहा मिनिटांत आपलं काम मांडणं, "हे मला ठाऊक नाही, पण मी असं शोधेन" असं परीक्षकांच्या डोळ्यांत बघून म्हणणं, हे सगळं शिकलेल्या घरात जेवताखाताना कानावर पडतं. आमच्या मुलींच्या घरात रेशनकार्डापलीकडे कुणी अर्ज केलेला नसतो. मग आपण म्हणतो, पोरगी बुजरी आहे. बुजरी कसली! तिला सराव नाही. व्हर्नियर धरायला जसं हात धरून शिकवतो, तसंच हेही शिकवता येतं.

हा प्रश्न एकट्या जव्हारचा नाही. भौतिकशास्त्रातल्या स्त्रियांच्या प्रश्नावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2002 साली पॅरिसला भरली. त्याच मालिकेतली आठवी, 2023 सालची, भारताने ऑनलाइन भरवली. आपल्याकडे हा विषय रोहिणी गोडबोले यांनी लावून धरला. पुण्यात त्यांच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र होतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्यांनी बाईंच्या मदतीने विज्ञान वेगळं शिकून घेतलं, आणि पुढे कणभौतिकीत जगाने नाव घ्यावं असं काम केलं. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची मनोगतं 'लीलावतीज डॉटर्स' या ग्रंथात एकत्र केली. कारण वाट कशी काढली, हे आधी गेलेलीने मागच्यांना सांगावं लागतं. 25 ऑक्टोबर 2024 रोजी त्या गेल्या. त्यांना जव्हारला बोलवायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं.

आपल्याच जिल्ह्यात तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देतं आहे. त्याच्या नियंत्रणकक्षात मोखाड्याची मुलगी बसलेली मला पाहायची आहे, आणि ती तिथे अर्ज करून, मुलाखत देऊन गेलेली पाहायची आहे.

पहिल्या सत्रात प्रत्येकीने आपला एक प्रयोग पाच मिनिटांत सांगायचा आहे. मराठीत सांगा, वारलीत सांगा, अडखळत सांगा. पाहुण्या मध्ये बोलणार नाहीत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. दुपारी जुने अर्ज बाहेर काढायचे. खोडाळ्याची शेवटची गाडी सुटायच्या आत ते सगळे नव्याने लिहून व्हायला हवेत, म्हणून मी आता माइक सोडते.