रक्त न गोठू देणारी गोळी



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक; वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय! परंतु आमच्या हृदयात धातूची झडप आहे व तीवर गुठळी धरू नये म्हणून आम्ही सात वर्षे वॉरफरिन घेत आहो.

या औषधाचे कूळ मोठे चमत्कारिक. १९३३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे एक शेतकरी सडका चारा खाऊन मेलेली कालवड व तिचे न गोठलेले रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञांकडे आला. त्या शोधातून १९४८ साली निघाले ते उंदरांचे विष. तेच १९५४ पासून माणसांस मिळू लागले!

गतवर्षी आम्ही नव्या गोळ्यांविषयी वाचले. वारंवार रक्ततपासणी नको, पालेभाजीचे पथ्य नको! मनातून परस्पर बदल करण्याचाच बेत होता. हृदयरोगतज्ज्ञांनी ऐकताच हात जोडले. "गुरुजी, त्या पुष्कळांस उत्तम, पण धातूच्या झडपेस नव्हेत." डॅबिगॅट्रान अशा रुग्णांस देऊन पाहिले, तेव्हा गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढले आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे.

मेथी सोडू नका, प्रमाण मात्र बदलू नका, असे ते म्हणाले. आता आमच्या घरी मेथीचे वार ठरलेले आहेत. पाहुणे आले तरी ते बदलत नाहीत.