विद्यार्थ्यांची दिनचर्या, माध्यमे आणि संगीत
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसमहाशयांनी मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढे शिक्षकाची सनद घेतली आणि उभे आयुष्य मावळातील शाळांत फळ्यासमोर घालविले. तेव्हा ग्रंथप्रामाण्याच्या गोष्टी माझ्याकडून अपेक्षू नयेत. मुलांच्या सहवासात जे दिसले, तेवढेच नम्रपणे सांगणार आहे.

विषय मी उगाच निवडलेला नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत काही ज्येष्ठ सभासदांनी एक सूचना मांडली. संस्थेची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने शैक्षणिक वर्षात स्मार्टफोन बाळगणार नाही अशी लेखी हमी पालकांच्या सहीने द्यावी, अन्यथा शिष्यवृत्ती बंद करावी, असा तिचा आशय होता. सूचनेमागील तळमळ खरी आहे. पवन मावळातील एखादे कुटुंब दुधाच्या पैशांतून मुलाला पुण्याच्या महाविद्यालयात धाडते आणि तो मुलगा रात्री दोनपर्यंत पडद्याकडे पाहून सकाळची पहिली तासिका बुडवितो, हे पाहून कोणाचा जीव तुटणार नाही? तथापि रोग खरा असला, तरी औषध तेच योग्य, असे ठरत नाही. म्हणून रोगाचे स्वरूप आधी पाहू.

प्रथम एक गोष्ट मान्य करू या. संगीत आणि माध्यमे यांनी दिवसाला आकार देणे ही काही आजची नवलाई नाही. आमच्या बालपणी ज्या घरी रेडिओ असे, त्या घराची दिनचर्या रेडिओच ठरवी. प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की आई पोळ्यांचा तवा ठेवी आणि ‘आपली आवड’ लागले की अंगणातील मुले घरात येत. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५७ साली विविध भारती आली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्यात छप्पन्न गीते. आठवड्याला एक नवे गीत, असे ते वर्षभर चालले. त्या गीताच्या वेळी लोक रेडिओभोवती हात जोडून बसत, असे आमची वडीलधारी मंडळी सांगत. मग १९७२ साली मुंबईचे दूरदर्शन आले आणि सायंकाळचे काही तास त्याने घेतले.

मग तेव्हाच्या आणि आताच्या स्थितीत भेद कोणता? मला तीन भेद दिसतात. पहिला असा की, तेव्हाच्या माध्यमाला वेळ होती. कार्यक्रम सुरू होई, तसा तो संपे. निवेदक निरोप घेई आणि पुस्तक उघडण्याची वेळ झाली हे कोणी सांगण्याची गरज नसे. दुसरा भेद असा की, रेडिओ घरात एकच असे. आजोबांना भजन हवे, ताईला भावगीत हवे, धाकट्याला क्रिकेट हवे. त्यात भांडण होई आणि तडजोडही होई. त्यामुळे नावडते संगीतही कानावर पडे आणि पुष्कळदा तेच पुढे आवडू लागे. तिसरा भेद असा की, गाण्याची वाट पाहावी लागे. ज्याची आठवडाभर वाट पाहिली, ते गीत एकदा ऐकताच अर्धे पाठ होई. गीतरामायणाला छप्पन्न गीतांसाठी वर्ष लागले. आजच्या विद्यार्थ्याच्या कानांवरून तेवढी गाणी एका दिवसात जातात. रात्री त्यांतील किती आठवतात, हे त्याने स्वतःशीच तपासून पाहावे.

आजच्या माध्यमाला शेवट नाही. एक गीत संपताच दुसरे आपोआप सुरू होते आणि एक चित्रफीत सरली की बोटाच्या स्पर्शाने दुसरी पुढे येते. हा योगायोग नव्हे. ही माध्यमे फुकट दिसतात, परंतु पाहणारा जितका अधिक काळ खिळून राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. त्यावरच त्यांचा व्यवहार चालतो. विद्यार्थ्याचा वेळ हाच तेथील माल आहे. तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा तेथे दोन तास अडकला, तर त्याला केवळ आळशी म्हणणे न्यायाचे नाही. त्याला अडकविण्यासाठी जाणत्या माणसांनी बुद्धी खर्ची घातली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या भाषणाच्या तयारीसाठी मी समाजातील काही विद्यार्थ्यांना आपली दिनचर्या प्रामाणिकपणे लिहून आणावयास सांगितले. त्यांनी मोठ्या विश्वासाने ती दिली. नावे न सांगता त्यांतील सार मांडतो. सकाळ गजराच्या गाण्याने होते. गजर बंद करावयास हात जातो आणि त्याच हाताने रात्रीचे निरोप पाहिले जातात. मग लगबग. कामशेत, वडगाव किंवा तळेगावला लोकल पकडावयाची. १९७८ साली ही पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि मावळच्या शिक्षणाचे दार उघडले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. लोणावळ्याहून पुण्यास तासाभराहून अधिक वेळ लागतो. या वेळात बहुतेकांच्या कानांत गाणी असतात. उभ्याने, गर्दीत, वही उघडता येत नसता गाणे मन प्रसन्न ठेवते, असे एकीने लिहिले. मला ते पूर्णपणे पटले. मुंबईच्या लोकलमध्ये चाकरमान्यांची भजनी मंडळे याच कारणाने टाळ वाजवीत आली आहेत.

अडचण आहे ती संध्याकाळनंतर. घरी येऊन पुस्तक उघडतात आणि गाणी चालूच राहतात. गाण्याविना अभ्यास होत नाही, असे अनेकांनी लिहिले. येथे शिक्षक म्हणून मला बोलले पाहिजे. वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारीत असतो. त्याच वेळी गीताचे शब्द कानांवर पडले की दोन्ही शब्दप्रवाह एकमेकांच्या आड येतात. डोळे ओळीवरून फिरतात, परंतु अर्थ मनात ठरत नाही. गणिते सोडविताना, आकृती काढताना किंवा वही नीटनेटकी करताना शब्दाविना सतार वा बासरी चालली तर फारसे बिघडत नाही. इतिहास किंवा कायदा वाचताना मात्र शांतताच हवी. संगीत वाईट नाही. दोन कामांना एकच मन पुरे पडत नाही, इतकाच याचा अर्थ.

पुढची पायरी रात्रीची. अकरा वाजता ‘एकच पाहतो’ म्हणून घेतलेला फोन एक वाजता खाली ठेवला जातो. सकाळची लोकल तर कोणासाठी थांबत नाही. झोप उणी पडते, तासिकेत डोळे मिटतात, उपस्थिती घटते आणि अखेर त्याचा परिणाम परीक्षेवर होतो. ही साखळी विद्यार्थ्यांनी स्वतःच लिहून दिली आहे. मी केवळ तिच्या कड्या जोडल्या.

कानांविषयीही दोन शब्द. आंतरकर्णातील ज्या सूक्ष्म पेशींमुळे ऐकू येते, त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. मोठ्या आवाजाच्या सवयीमुळे जगातील ११० कोटी तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिला. ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. तोच आवाज ९० डेसिबलवर नेला की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी गाणे मोठे करावेसे वाटते. मोह तेथेच आवरावा.

आणि एक कळकळीची विनंती. कानांत गाणे घालून रूळ ओलांडू नका. रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहेच. परंतु कायद्यापेक्षा जीव मोलाचा आहे. आपल्या लोहमार्गावरून लोकलखेरीज वेगवान गाड्याही धावतात आणि विजेची गाडी येताना वाफेच्या इंजिनाप्रमाणे दुरून चाहूल देत नाही. पुलाच्या वीस पायऱ्या चढण्याचा कंटाळा घरच्यांना जन्माचे दुःख देऊन जाऊ शकतो.

आता मूळ सूचनेकडे वळतो. फोनच बंद करावा, हा उपाय मला मान्य नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा आपणच कर्ज काढून मुलांच्या हाती हे यंत्र दिले आणि डोंगरावर चढून जेथे लहर मिळेल तेथे बसून ती शिकली. आजही महाविद्यालयाच्या सूचना, परीक्षेचे अर्ज आणि टिपणे याच मार्गाने येतात. आंदर मावळातील ज्या मुलाला शिकवणीची फी परवडत नाही, तो थोर अध्यापकांची व्याख्याने यावरच ऐकतो. ज्याला सवाई गंधर्व महोत्सवाचे तिकीट काढणे जमत नाही, तो पंडित भीमसेन जोशींचा अभंग यावरच ऐकतो. हे दार आपण लावून घ्यावयाचे काय?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. समाजातील एका घरी, वळण लागावे म्हणून, मुलीचा फोन काढून घेण्यात आला. भावाचा मात्र त्याच्याकडेच राहिला. पावसाळ्यात एके सायंकाळी गाड्या रखडल्या. अंधार पडेपर्यंत ती मुलगी मळवली स्थानकावर एकटी होती आणि घरी निरोप देण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. सुदैवाने ती सुखरूप घरी आली. परंतु उद्या आपण हमीपत्र लिहून घेऊ लागलो, तर त्याचा पहिला भार मुलींवरच पडेल आणि काही घरी शिक्षणच थांबविण्यास ते निमित्त होईल, अशी मला भीती वाटते. शिष्यवृत्ती शिक्षण वाढविण्यासाठी आहे. तिने ते तोडता कामा नये. शिवाय जी हमी पाळली जाणार नाही, ती लिहून घेणे म्हणजे मुलांना पहिला धडा असत्याचा देणे होय.

मग करावे काय? सभागृहापुढे मी पर्यायी सूचना ठेवतो. आपल्या संस्थेची ही वास्तू बहुतेक सायंकाळी कुलूपबंद असते. ती रोज सात ते दहा अभ्यासिका म्हणून उघडावी. दारात एक कपाट ठेवावे. विद्यार्थ्याने फोन त्यात ठेवून आत यावे आणि जाताना न्यावा. घरून निरोप आला तर कळविण्यास एक ज्येष्ठ सभासद तेथे बसेल. पहिली पाळी मी घेईन. ज्यांचे गाव दूर आहे, त्यांनी घरी हाच नियम करावा. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, आईपाशी ठेवावा. नजरेआड झालेल्या वस्तूचा मोह निम्मा होतो.

दुसरी सूचना संगीताची. ज्या मावळात आपण राहतो, तेथील भाजे लेण्यांत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने वाद्य वाजविणारी आणि नृत्य करणारी स्त्री कोरून ठेवली आहे. आपल्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, आणि तिच्या काठचे संगीत हे ऐकण्याइतकेच गाण्याचे संगीत आहे. हरिपाठाला श्रोता आणि गायक असा भेद नसतो. आपली मुले ऐकतात पुष्कळ, परंतु गात नाहीत. महिन्यातून एका रविवारी येथे सर्वांनी मिळून गावे, ऐकावे आणि मुलांनी आपल्या आवडीची आजची गाणी आम्हा वृद्धांना ऐकवावीत. आम्ही ती नाक न मुरडता ऐकू. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून श्वासाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. मन एका ठिकाणी ठेवण्याची ही विद्या आपल्या दाराशी आहे. तिचा लाभ घेणारे बाहेरून येतात आणि आपण मात्र उदासीन राहतो.

वडीलधाऱ्यांनाही एक शब्द. जेवणाच्या ताटाशी बाप फोन पाहत असेल, तर मुलाला उपदेश करण्याचा त्याचा अधिकार संपला. सुप्रभाताची चित्रे दहा जणांना पाठविण्यात आपलीही सकाळ जाते. जेवणाच्या वेळी घरातील सारेच फोन फडताळात ठेवावेत. नियम सर्वांना सारखा असला, म्हणजे मुलांना तो जाचक वाटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातचे यंत्र गुणी आहे. परंतु पूर्वी कार्यक्रम संपला हे निवेदक सांगे. आता ते सांगणारा कोणी उरला नाही. ते काम तुम्हाला स्वतःच करावयाचे आहे. ज्याला आपल्या दिवसाचे निवेदक होता आले, त्याचे शिक्षण अर्धे पूर्ण झाले, असे मी मानतो.

माझ्या पर्यायी सूचनेचा कार्यकारी मंडळाने विचार करावा, अशी प्रार्थना करतो आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.