शाळूवरचा भारीट

मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेऊन सुप्याच्या वाटेला लागलं, की रब्बीत रानोरान शाळू उभा दिसतो. कणसात दाणा भरला की त्यावर पाखरांचा थवा उतरतो. 'चिमण्या पडल्या, हाकला!' अशी हाळी येते.

त्या थव्यात चिमण्या असतातही. पण जरा थांबून बघा. एखाद्या नराचं पोट हळदीसारखं पिवळं, पाठ तांबूस, डोकं मळकट. उन्हाळ्याच्या तोंडाला डोक्यावरच्या पिसांच्या फिकट कडा झिजतात आणि खालचा काळाभोर रंग उघडा पडतो. हा काळ्या डोक्याचा भारीट. तुर्कस्तान, इराणकडून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. चिमणीचं कूळ वेगळं, याचं वेगळं.

असाच घोटाळा अमेरिकेत झाला. युरोपातून तिथे गेलेल्या लोकांनी दाणे टिपणारी तपकिरी पाखरं पाहिली आणि मायदेशातल्या चिमणीचं नाव, 'स्पॅरो', त्यांना देऊन टाकलं. पुढे शास्त्रज्ञांनी ती भारिटांच्या कुळात घातली. जनुकं तपासल्यावर तेही जुळेना. अखेर 2017 साली अमेरिकी पक्षितज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना 'पासरेलिडी' हे स्वतंत्र कूळ दिलं. खरी घरचिमणी तिथली नव्हेच. 1851च्या सुमारास माणसांनीच ती ब्रुकलिनला नेऊन सोडली.

मग ही पाखरं इतकी सारखी का? दाणा फोडायचा तर चोच आखूड आणि जाडच हवी. ढेकळांत लपायचं तर रंग मातकट हवा. सारख्या कामाने सारखं रूप येतं, नातं असो वा नसो.

आपल्या माळावर आणखी एक असाच पक्षी आहे. इंग्रजीत त्याला 'स्पॅरो-लार्क' म्हणतात, चिमणी आणि चंडोल एकाच नावात; खरा तो चंडोलाच्याच कुळातला. मराठीत तो डोंबारी. नर उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीआधी सावरतो, पुन्हा चढतो. मला हे नाव जास्त खरं वाटतं, कारण ते देणाऱ्याने पाखराचा खेळ उभं राहून पाहिला होता.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लोक तिथे चिंकारा बघायला जातात. जाल तेव्हा गवतातल्या या लहान पाखरांसाठीही अर्धा तास ठेवा. आणि यंदा शाळूवर थवा उतरला, तर गोफण फिरवण्याआधी त्यात पिवळं पोट शोधा, आणि दिसलं त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा.